आंबाडीची जुडी आणि गावची खबर

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भादवा संपत आला होता. बुधवार बाजारात माझी नेहमीची आंबाडीवाली मावशी पोतं अंथरून बसली होती. दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "सिस्टर, तुमच्या माहेरच्या गावी लोकं पिवळी पडून राहिली म्हणे. सकाळी बसमध्ये दोघं होते दवाखान्यात चाललेले. डोळे पाहा तं हळदीसारखे."

माझं माहेर नागपूरपासून बसने दीड तासावर. मावशीचं गाव त्याच्याही चार किलोमीटर पुढे. दोन्ही गावांना एकच एस.टी. मी दर रविवारी घरी फोन करते. "सगळं बरं आहे," एवढंच उत्तर येतं. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात वाढदिवसाचे चार बॅनर आणि रोजचं शुभ सकाळ होतं. काविळीचा शब्दही नव्हता.

माझ्या चुलतभावाची सून सातव्या महिन्यात होती. बाजारातूनच भावाला फोन लावला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "हो, तिला जराशी कावीळ आहे. शेजारच्या गावचा एक जण मुळी देतो. तीन शनिवार घ्यायची असते. दोन झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात होते, दुपारी आम्ही तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात. अकरा दिवस ती तिथं होती. ती वाचली. बाळ वाचलं नाही. घरी आणल्यावर चार-पाच दिवसांनी तिनं मला विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला बाजारात कळलं ते आम्हाला घरात बसून कसं नाही कळलं?"

सतरा वर्षं मी नर्सची नोकरी केली. अशा प्रश्नाचं उत्तर आमच्या डिप्लोमाच्या कोणत्या पुस्तकात नव्हतं. पण तेव्हापासून मी बाजाराकडे वेगळ्या नजरेनं पाहते. आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांचा एक पाय अजून गावात आहे. कुणाची आई तिथं आहे, कुणाचा भाऊ, कुणाचं पडकं घर आणि अर्धा एकर. त्या गावातून दर आठवड्याला एक बाई टोपली घेऊन आपल्या दारापर्यंत येते आणि आपण तिच्याशी फक्त पाच रुपयांची घासाघीस करतो.

टोपलीत काय असतं

आधी पोटाचं बोलू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हा आकडा शंभरात जवळपास ६९ होता. त्याआधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. मी वस्तीत हिमोग्लोबिन तपासायला बसते तेव्हा मला हे आकडे चेहऱ्यानिशी दिसतात. धुणीभांड्याची चार घरं करून आलेली बाई, जिना चढताना धाप लागते, पायात गोळे येतात, आणि ती म्हणते, "वय झालं सिस्टर." वय असतं बत्तीस.

तिच्या घरी सकाळी चहा-टोस्ट, दुपारी रेशनच्या तांदळाचा भात आणि पातळ वरण, रात्री पुन्हा भात. रेशनला मी नावं ठेवत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यामुळे माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य मिळतं आणि त्यावर लाखो घरं तगली आहेत. पण ते बहुतेक तांदूळ आणि गहू असतं. आपल्या आज्या ज्या ज्वारीवर वाढल्या ती ज्वारी विदर्भातल्या शेतातून सोयाबीन आल्यावर मागे हटत गेली. तिच्यासोबत कण्या गेल्या, आंबील गेली, हुरडा तर आता शहरातल्या लोकांच्या सहलीचा पदार्थ झाला आहे. २०२३ हे जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. मोठ्या दुकानात ज्वारीची बिस्किटं आली. आपण ज्या भाकरीला गरिबाची भाकर म्हणून लाजलो तिची अशी बिस्किटं होऊन आली, तेव्हा मला हसू आलं आणि रागही आला.

ज्वारी-बाजरीत पांढऱ्या तांदळापेक्षा तंतू आणि लोह जास्त. नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. साखरेचा आजार असलेल्या माणसाला भाताच्या ढिगापेक्षा ज्वारीची भाकर बरी, तीही मोजून. रोज दोन्ही वेळ नाही जमलं तर रात्रीची एक वेळ तरी भाकरीची करा. दळण थोडं थोडं आणा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकर तुटते, बाजरीचं तर आठ-दहा दिवसांत कडू होतं, आणि मग घरातले म्हणतात भाकर चांगली लागत नाही.

आता पाल्याकडे. श्रावणात तरोटा, भादव्यापासून आंबाडी, थंडीत चवळाई, मेथी, हरभऱ्याची भाजी, उन्हाळ्याच्या तोंडाशी घोळ आणि चिवळ. शेवग्याचा पाला तर वस्तीतल्या कितीतरी दारांसमोर फुकट उभा आहे. त्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि आपण शेंगा तोडून पाला बकरीला घालतो. बकरी शहाणी आहे.

आंबाडी आपल्याकडे उकडून, पहिलं पाणी काढून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटतात. सगळं पाणी फेकू नका. फोलेट नावाचं जे जीवनसत्त्व गरोदर बाईला हवं असतं ते पाण्यात उतरतं. आंबटपणा सोसत नसेल तर अर्धं टाका. भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर सोबत आवळा, पेरू, टोमॅटो काहीतरी असू द्या, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही, जेवणानंतर तासभर थांबा. वस्तीत मी सर्वात जास्त वाद या एका तासावर घातले आहेत. सासवा रागावतात.

एक गोष्ट मात्र नर्स म्हणून ठासून सांगते. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला आंबाडी खाऊन बरं वाटेल म्हणून घरी ठेवू नका. पाल्यातलं लोह अंगात हळूहळू चढतं. तिला गोळ्या, कधी इंजेक्शन, कधी रक्तही लागतं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात आणि आशाताईकडे फुकट मिळतात. गोळीनं शौच काळी होते, मळमळतं, म्हणून बाया त्या डब्यात साठवून ठेवतात. रात्री जेवणानंतर घ्या, मळमळ कमी होते.

मुलांच्या हातातली पाच रुपयांची पाकिटं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. दोन लेकरं, रोज एक-एक पाकीट, महिन्याचे ३०० रुपये. मी एका मातेला हा हिशोब सांगितला तर ती म्हणाली, "सिस्टर, पाकीट दिलं की ते तासभर गप राहते, मी काम उरकते. शेंगदाणे सोलून कोण देईल?" तिचं चूक नाही. तिच्याकडे वेळ नाही. म्हणून मी आता पाकीट बंद करा असं म्हणत नाही. बुधवारी बाजारातून अर्धा किलो शेंगदाणे आणि गूळ आणा, रविवारी एकदाच भाजून, कुटून लाडू करून डब्यात भरा, आणि पाकीट आठवड्यातून दोनदा. एवढं तीन-चार घरांनी केलं आहे. बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

गावचं ते सगळं चांगलं, असं नाही

गावातून आलं म्हणजे निर्मळ, ही समजूत मला धोक्याची वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या शेतात माणसं पडली तिथल्याच बांधावर वांगी-मिरची असते. म्हणून मी भाजीवालीला विचारते, "मावशी, फवारा कधी मारला होता?" पहिल्यांदा ती रागावली. आता स्वतःच सांगते, "हे वांगं आज नका घेऊ, चार दिवसांनी घ्या." मॉलच्या फळीवरच्या वांग्याला हा प्रश्न विचारता येत नाही.

भाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवा. मिठाच्या पाण्यानं सगळं विष निघतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण मातीसोबत वरवरचा बराच भाग जातो. शहराच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक, कोथिंबीर, मुळा कच्चा खाऊ नका, शिजवूनच खा. रानभाजी ओळखीच्या हातूनच घ्या. तरोट्याचा कोवळा पालाच खायचा, जून पाला आणि बिया नाही.

आणि पूर्व विदर्भातली लाखोळीची डाळ. स्वस्त असते, बेसनात आणि तुरीच्या डाळीत भेसळीलाही वापरतात. कधीमधी खाल्ल्यानं काही होत नाही. पण दुष्काळाच्या दिवसांत जी माणसं महिनोन्‌महिने तिच्यावरच जगली त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. वडिलांच्या गावात काठी टेकत, टाचा उचलून चालणारा एक म्हातारा मी लहानपणी पाहिला आहे. ती डाळ खायचीच तर गरम पाण्यात भिजवून पाणी फेकायचं, आणि रोजची डाळ ती नसावी.

गाव सोडलं त्याचं काय

हा लेख वाचून कुणीतरी म्हणणारच, "सिस्टर, बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितलं आणि तुम्ही पुन्हा गावाकडे काय नेता?"

बरोबर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या कौतुकाचा जो समाचार घेतला तो आपल्याला ठाऊक आहे. गाव आपल्यासाठी काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या माणसाच्या हातचं दूध, भाजी, भाकर गावात कुणी घेत नव्हतं. माझ्या आजीनं परसात लावलेल्या भोपळ्याला गावात गिऱ्हाईक नव्हतं. तो ती आठवडी बाजारात, जिथं तिला कुणी ओळखत नाही तिथं नेऊन विकायची. मावशी आज शहरातल्या बाजारात पोतं अंथरते आणि तिला कुणी जात विचारत नाही. मीही विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण गाव सोडलं पण आपली म्हातारी माणसं तिथंच राहिली, आणि त्यांच्या नळात काय येतं हे तिथल्या सभेत ठरतं.

आता त्या काविळीकडे येते. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ दोन प्रकारची, ए आणि ई. ई प्रकारची कावीळ इतरांना बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जिवावर बेतते. अशा बाईचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना. मुळी नाही, माळ नाही, मंत्र नाही. त्या मुळ्यांनी आधीच सुजलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. आणि घरातल्या सगळ्यांनी पाणी खळखळ उकळून प्यायचं.

आमच्या गावात नळाची पाइपलाइन एका ठिकाणी गटाराला लागून जाते. तिथला जोड पावसाळ्याच्या सुरुवातीपासून गळत होता. नळाला पाणी नसलं की गटाराचं पाणी आत ओढलं जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. गळती पहिल्या टोकाला होती आणि आपली वस्ती शेवटच्या टोकाला. अठ्ठावीस जणांना कावीळ झाली, त्यातले एकोणीस आपल्या वस्तीतले.

मी पंचायतीत जाऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचं रजिस्टर पाहायला मागितलं. आधी नाही म्हणाले, मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचा स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही. तीस दिवसांच्या आत रजिस्टरची नक्कल हातात आली. त्यात ठराव होता, "पाणी शुद्धीकरण नियमित सुरू असल्याबाबत सभेने समाधान व्यक्त केले." खाली सह्या. त्यात माझ्या काकांची सही होती.

काका १५ ऑगस्टला माझ्याच घरी होते, नागपुरात, डोळ्याच्या तपासणीसाठी.

मी विचारलं तर ते खाली पाहून म्हणाले, "रजिस्टर घरी आणलं होतं दोन दिवसांनी. सगळेच करतात. मी केली."

काकांवर मी रागावू शकले नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, चार इयत्ता शिकलेला, दारात शिपाई रजिस्टर घेऊन उभा. पण एकोणीस घरांपैकी किती घरांच्या सह्या त्या कागदावर होत्या हे मोजलं तेव्हा मी रात्रभर जागी होते.

सभेत काय विचारायचं

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. सात दिवस आधी नोटीस लागायला हवी, आणि नेहमीच्या सभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायला हवी. गणपूर्तीला गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जी संख्या कमी असेल ती. माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून सभा अडत नाही. पाच-सहा जणांत उरकते.

नोटीस पाहायला गावात कुणीतरी हवं. आपलं नाव आता शहराच्या मतदार यादीत असेल तर तिथं आपल्याला मत नाही. पण तुमच्या आईला आहे, वहिनीला आहे. त्यांना फोनवर "जेवलात का" विचारता त्यासोबत "नोटीस लागली का" हेही विचारा.

त्यांनी तिथं जाऊन भाषण करायची गरज नाही. आम्ही २ ऑक्टोबरच्या सभेसाठी एका वहीच्या पानावर प्रश्न लिहून दिले होते. टी.सी.एल. पावडर किती आणली, केव्हा आणली, साठ्याचं रजिस्टर दाखवा. नळाच्या शेवटच्या टोकाच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट कधी केली. ही टेस्ट सोपी आहे, दोन थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. पहिल्या टोकाला करून उपयोग नाही, आपल्या नळाला करायला लावा. गावाला पाण्याचं कोणतं कार्ड आहे, लाल, पिवळं की हिरवं. लाल म्हणजे धोका मोठा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी येतो, तो कशावर गेला. आशा आणि अंगणवाडीताई दोघींनाही हे माहीत असतं. आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठं गेले हा प्रश्न विचारला की सभेत पहिल्यांदा शांतता होते. आमच्याकडेही झाली.

वस्तीतून अकरा बाया गेल्या होत्या. प्रश्नांचा कागद माझ्या भावाच्या सुनेच्या हातात होता. ती उभी राहिली तेव्हा मागून एक जण म्हणाला, "हिला कोणी शिकवलं हे?" ती म्हणाली, "मी शिकलेलीच आहे, बारावी." मग तिनं कागदावरचं सगळं वाचलं, एकही प्रश्न न सोडता. बाळाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. कागदावर नव्हतं.

सगळं लगेच झालं असं नाही. साठ्याचं रजिस्टर त्या दिवशी सापडलंच नाही. पाइपचा जोड बदलायला पुढचा जानेवारी उजाडला, तोही आम्ही तालुक्याला दोनदा लेखी दिल्यावर. शेवटच्या टोकाला पाणी अजूनही कमी येतं. पण शिपाई रजिस्टर घेऊन दारात येणं बंद झालं. काका आता सभेला जातात. ऐकू कमी येतं, म्हणून पुढच्या रांगेत बसतात आणि प्रत्येक ठराव पुन्हा मोठ्यानं वाचायला लावतात. ग्रामसेवक वैतागले आहेत असं ऐकते.

आणखी एक झालं. मावशी आता आमच्या माहेरच्या वस्तीतल्या दोन बायांचाही पाला सोबत आणते. परसातली आंबाडी, शेवगा, थोडी चवळाई. बसच्या तिकिटाचा खर्च तिघींत वाटून घेतात. आमच्या वस्तीतली सहा-सात घरं बुधवारी त्यांच्याकडूनच घेतात, आणि आमच्या बाया जाता जाता त्यांचा रक्तदाब मोजायला त्यांना माझ्याकडे पाठवतात. मावशीचा १६० निघाला. ती तीन महिन्यांपासून डोकं दुखतं म्हणून बाम लावत होती. आता गोळी घेते, कधी विसरते.

मागच्या बुधवारी मी पाठ करून कांदे निवडत होते. मागून तिचा आवाज आला, "सिस्टर, चिवळ घेऊन ठेवली तुमच्यासाठी. आणि हो, तुमच्या गावी नोटीस लागली बरं का. शाळेच्या भिंतीवर लावली, पंचायतीवर नाही लावली."

चिवळ पिशवीत टाकली आणि तिथंच उभी राहून काकांना फोन लावला.